वर अडवू नकोस, खाली भेट

पत्र बरंच मोठं होतं, मुद्द्याचं तेवढं ठेवलंय.

"ताई, लहानपणापासून जंगलात काम करायचं डोक्यात होतं. यंदा एका मोठ्या पार्कमध्ये सीझनपुरती नोकरी लागली, पदाचं नाव व्हिजिटर मॅनेजमेंट टेक्निशियन. ट्रेल खूप फेमस, शेवटी एक पॉइंट आहे आणि प्रत्येकाला तिथे फोटो पाहिजे. मी सकाळी पार्किंगमध्ये ट्रॅफिकचे कोन लावतो, गाड्या वळवतो, मग वर जाऊन पॉइंटच्या अलीकडे रेलिंगपाशी दिवसभर उभा. माणसं मोजायचा क्लिकर दाबायचा, रेलिंग ओलांडू नका म्हणायचं, शॉर्टकट मारू नका म्हणायचं, दुपारी गर्दी झाली की मागच्यांना थांबवायचं. कुणी ऐकत नाही. मागच्या आठवड्यात एकजण म्हणाला, तू काय पोलीस आहेस का, आणि मोबाइल काढून शूटिंगच सुरू केलं. माझा आवाज चढला. त्याने तक्रार केली, आता मला लेखी उत्तर द्यायचंय. वरून क्लिकरचा आकडा आणि ट्रेलवरच्या मोजणी मशीनचा आकडा जुळत नाही म्हणून सुपरवायझर रोज टोचतो. तीन महिने झाले, अजून तीन आहेत. गेटवरचा वॉचमन झालोय असं वाटतं. सोडू का?
– दमलेला क्लिकरवाला"

अरे क्लिकरवाल्या, मी नऊ सीझन असंच काम केलंय, पार्क वेगळा ट्रेल वेगळा, पण तुझं पत्र वाचताना मला माझाच जुना युनिफॉर्म आठवला, खांद्यावर घामाचा पांढरा पट्टा असलेला. त्यामुळे सहानुभूती भरपूर आहे, पण लाड करणार नाही.

आधी ते लेखी उत्तर, कारण ते अर्जंट आहे. मोठं लिहू नकोस. वेळ, जागा, तो माणूस रेलिंगच्या कुठल्या बाजूला होता, तू काय म्हणालास, तो काय म्हणाला, त्या तासाला पॉइंटवर अंदाजे किती लोक होते (क्लिकर आहे ना, वापर), आणि मग एक साधी ओळ, "माझा आवाज चढला, चढायला नको होता." बस. तो उद्धट होता, बेजबाबदार होता, असली विशेषणं एकही नको. अरे, तू विशेषणं लिहिलीस की वाचणाऱ्याला दोन भांडणारी माणसं दिसतात, आणि नुसतं काय घडलं ते लिहिलंस तर त्यालाच दिसतं की एक माणूस कड्याच्या बाजूला उभा होता आणि दुसरा त्याला बोलवत होता. शेजारी कुणी सहकारी असेल तर तेही लिही.

आणि "तू काय पोलीस आहेस का" याचं उत्तर माहितीये? "नाही." एवढंच. "नाही हो, मी पोलीस नाही, तो दगड सुटा आहे म्हणून सांगतोय." आणि मग गप्प राहायचं. अवघड जातं, मला पहिले दोन सीझन जमलंच नाही. पण बघ, बहुतेक पार्कांमध्ये दंड करायचा अधिकार रेंजरकडे किंवा सिक्युरिटीकडे असतो, आपल्याकडे फक्त रेडिओ असतो, म्हणजे हे भांडण जिंकायची जबाबदारी मुळात आपल्यावर टाकलेलीच नाहीये! सांगायचं, परत एकदा सांगायचं, बाजूला व्हायचं, रेडिओवर कळवायचं, वहीत नोंद करायची. कुणी शूटिंग करत असेल तर करू दे, फोनकडे हात नेऊ नकोस, गॉगल काढ, समोर छाती काढून उभा राहू नकोस, त्याच्या बाजूला उभा राहा, म्हणजे तुम्ही दोघं एकाच दिशेला, त्या कड्याकडे, बघताय असं होतं. छोटी गोष्ट आहे पण समोरासमोर उभं राहिलं की कुस्ती आणि बाजूला उभं राहिलं की गप्पा, हे मी शेकडो वेळा बघितलंय.

आता मुख्य गोष्ट. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले, "वर जाऊन पॉइंटच्या अलीकडे रेलिंगपाशी दिवसभर उभा". मला वाटतं तुझा स्वभाव वगैरे ठीक आहे, तू चुकीच्या जागी उभा आहेस. अगदी शब्दशः, पाय चुकीच्या जागी आहेत. विचार कर, माणूस पहाटे उठलाय, पार्किंगसाठी अर्धा तास फिरलाय, दोन तास चढलाय, पोरं कुरकुरतायत, आणि पॉइंट पन्नास पावलांवर दिसतोय, तिथे तू जॅकेट घालून उभा आणि म्हणतोस थांबा. तो ऐकेल? मी तरी ऐकलं नसतं. हे वरातीमागून घोडं झालं. तोच माणूस दोन तास आधी खाली ट्रेलहेडला, म्हणजे वाट सुरू होते तिथे, बुटाची लेस बांधत होता, तेव्हा त्याला काहीच सोडायचं नव्हतं, तेव्हा तो तुला स्वतःहून विचारत होता की वर किती वेळ लागतो, टॉयलेट कुठे आहे. तेव्हा तू कुठे होतास?

हा शोध काही माझा नाही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनला १९९६ च्या उन्हाळ्यात उन्हाने माणसं दगावली, सुटका करायच्या मोहिमांवर मोहिमा निघाल्या, आणि १९९७ पासून त्यांनी माणसं नेमली ती खाली अडकलेल्यांना वर आणायला नाही, तर लोक दरीत उतरायच्या आधीच त्यांच्याशी बोलायला, कुठे चाललात, पाणी किती आहे, परत कधी येणार. तिथे तर ट्रेल उलटा आहे ना, आधी उतार आणि परतीला चढ, म्हणजे जाताना सगळ्यांनाच आपण पैलवान वाटतो. जपानने फुजीवर योशिदा ट्रेलला २०२४ मध्ये दिवसाला ४००० माणसांची मर्यादा घातली, तर गेट लावलं चढाईच्या सुरुवातीला, पाचव्या स्टेशनपाशी, आणि त्या वर्षी संध्याकाळी ४ नंतर ते बंद व्हायचं, वरच्या झोपडीत बुकिंग असेल तरच सोडायचे, कारण लोक रात्रभर न झोपता चढत जायचे आणि थंडीने, दमून, वाटेतच बसायचे. अमेरिकेतच झायन पार्कात एंजल्स लँडिंग नावाच्या कड्यावर साखळ्या धरून चढायचं असतं, तिथे साखळीवरच येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चक्का जाम व्हायचा, १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं आणि ते लॉटरीने घरबसल्या मिळतं किंवा मिळत नाही. म्हणजे "नाही" ऐकायचा क्षणच त्यांनी कड्यावरून उचलून माणसाच्या सोफ्यावर नेऊन ठेवला. भारी आहे ना? सोफ्यावरून कुणी खाली पडत नाही.

तू काही परमिट सिस्टीम आणू शकत नाहीस, ते वरच्यांचं काम आहे आणि त्याला वर्षं लागतात. पण शिफ्टचे पहिले तीन तास खाली उभं राहू द्या एवढं तू मागू शकतोस. आणि खाली उभं राहिल्यावर सूचना देत बसू नकोस, प्रश्न विचार. माझा ठरलेला प्रश्न होता, "परत खाली किती वाजता यायचा प्लॅन आहे?" निम्म्या लोकांनी त्याचा विचारच केलेला नसतो, आणि विचारलं की ते तिथेच एकमेकांकडे बघतात आणि हिशोब सुरू करतात. मग तू मदत कर. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक अंदाज सांगून ठेवलाय तो अजून चालतो, दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ४ किलोमीटरचा ट्रेल आणि ४५० मीटर चढ असेल तर ४८ मिनिटं अधिक ४५ मिनिटं, दीड तास धर. उतरायला परत ४८ मिनिटं, आणि हे धडधाकट माणसाचं, न थांबता, फोटो न काढता. लहान पोरं असतील, आजी-आजोबा असतील तर दीडपट दुप्पट कर. हे तू सांगितलंस तर भाषण होतं, पण त्यांनीच बोटांवर मोजलं आणि त्यांनाच कळलं की अरे आपल्याला अंधार होणार, तर ते आपोआप म्हणतात, अर्ध्यावरच्या ओढ्यापर्यंतच जाऊया का. मी एकदा एका दिवसात सतरा ग्रुप असे वळवले, एकालाही "नाही" न म्हणता. सतरा आठवतात कारण त्या दिवशी वहीत रेघा मारल्या होत्या.

पाणी विचारतानाही तसंच. "पाणी आहे का" विचारलं की सगळे हो म्हणतात. "दाखवा बघू" म्हण, हसत म्हण, मग चौघांत मिळून अर्ध्या लिटरची एक बाटली बाहेर येते. आणि खायला काय आहे तेही विचार, कारण उन्हात तासनतास नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि खाल्लं काहीच नाही तर रक्तातलं सोडियम खाली जातं, मळमळ, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, लांबून अगदी ऊन लागल्यासारखंच दिसतं आणि लोक आणखी पाणी पाजतात. खारट काहीतरी सोबत पाहिजे, एवढं सांगितलं तरी पुरतं.

बरं, वर उभं राहणं पूर्ण सुटणार नाही, ते मलाही माहितीये. तेव्हा तिथलं थोडं.

"अलाउड नाही" हा शब्दप्रयोग सोड. नियम सांगितला की माणसाला नियमाशी भांडावंसं वाटतं, पण जागेला काय होतं ते सांगितलं की भांडायला समोर कुणी उरत नाही. नागमोडी वाटेवर शॉर्टकट मारणाऱ्याला मी म्हणायचे, "हे बघा, तुम्ही जिथून उतरलात ना, पावसाचं पाणीपण आता तिथूनच उतरणार, आणि दोन पावसाळ्यात ही वरची वाट खाली येणार." आणि खरंच दाखवायचे, कारण आमच्याकडे अशी एक घळ तयार झाली होती, मुळं उघडी पडलेली. माणूस बघतो, चुकचुकतो, आणि मागच्याला स्वतःच ओरडतो, ओ इकडून नका येऊ! असे फुकटचे असिस्टंट दिवसाला दहा मिळतात.

आणि एक चूक सगळेच करतात, मीपण वर्षानुवर्षं केली. वैतागून आपण म्हणतो, "रोज शंभर लोक असंच करतात हो." अजिबात म्हणू नकोस, बोर्डावर तर बिलकुल लिहू देऊ नकोस. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं पार्क आहे, दगड झालेली लाकडं, लोक तुकडे खिशात घालून न्यायचे. तिथे रॉबर्ट चाल्दिनी या मानसशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. "आधीच्या पुष्कळ लोकांनी तुकडे नेले आणि जंगलाची अवस्था बदलली" अशा अर्थाची पाटी होती तिथे मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के गेले, आणि साधं "कृपया नेऊ नका" होतं तिथे २ टक्क्यांच्याही आत. म्हणजे आपण ओरडतो ते उलट निमंत्रणच असतं, सगळेच करतात म्हटल्यावर मीच कशाला मागे राहू.

नाही म्हणायची वेळ आलीच तर हातात दुसरं काहीतरी असू दे. "पॉइंटवर आता वीस मिनिटं थांबावं लागेल, पण मागे त्या वळणावर सपाट दगड आहे, सावली आहे, आणि खरं सांगू, फोटो तिथून जास्त चांगला येतो." हे खोटं सांगायचं नाही हं, आधी स्वतः जाऊन बघ कुठून चांगला येतो. तुझ्या ट्रेलवरच्या अशा चार जागा तुला पाठ पाहिजेत.

आता आकड्यांचं. तुझ्या सुपरवायझरला कदाचित कुणी नीट सांगितलं नसेल किंवा तो ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकत असेल, मला माहीत नाही, पण तुझा क्लिकर वर आहे आणि मशीन बहुतेक खाली, सुरुवातीच्या खांबात. मग आकडे जुळतीलच कसे? अर्ध्यातून मागे फिरणारे तुझ्यापर्यंत येतच नाहीत. शिवाय साधं मशीन दिशा ओळखत नाही, जाताना एक आणि येताना एक, त्याच वाटेने परत यायचं असेल तर आकडा दुप्पट. शिवाय बहुतेक मशीनं इन्फ्रारेड, अंगाची उष्णता आणि मागच्या हवेची उष्णता यातला फरक बघतात, म्हणजे कडक उन्हाच्या दुपारी माणूस आणि मागचा तापलेला दगड सारखेच दिसायला लागले की काही लोक निसटतात, दोघं खांद्याला खांदा लावून गेले तर एकच मोजला जातो, आणि सेन्सरसमोर उन्हात तापलेली फांदी हलत असेल तर ती दिवसभर ट्रेक करते!

यावर उपाय भांडण नाही, कॅलिब्रेशन. एक तास मशीनपाशी बस आणि हाताने मोज. समजा तू १२० मोजले आणि मशीनने ९६, तर मशीनच्या आकड्याला १.२५ ने गुणायचं. पण एकदा करून चालत नाही, सकाळी, दुपारी, ढगाळ दिवशी, गर्दीच्या दिवशी, असं चार-सहा वेळा कर आणि कागद सुपरवायझरच्या टेबलावर ठेव. तू स्वतःला वॉचमन म्हणतोस पण तुझ्या पदात टेक्निशियन हा शब्द आहे ना, तो इथे आहे. आणि हे आकडे कुठे जातात ते बघ. अमेरिकेतल्या योसेमिटी पार्कात हाफ डोम या उंच खडकावर चढायला धरायच्या केबलवर परमिट आलं ते २०१० मध्ये फक्त शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांना, आणि लगेच पुढच्या वर्षी सगळ्या दिवसांना, कारण गर्दी सरळ आठवड्यातल्या बाकी दिवसांवर सरकली. आता ती सरकली हे कळायला कुणीतरी सोमवारी-मंगळवारीपण मोजत बसलं असणारच ना. शटल बस किती, टॉयलेट किती, माणसं किती नेमायची, हे सगळं शेवटी कुणाच्या तरी अंगठ्याने दाबलेल्या क्लिकरवरून ठरतं.

सोडू का, हे विचारलंयस. माझं मत, सीझन पूर्ण कर, पण आहे तसा नाही. सुपरवायझरकडे जाऊन तीन गोष्टी माग. सकाळचे तीन तास ट्रेलहेडला. रेलिंगपाशी सलग दोन तासांच्या वर कुणालाच उभं करायचं नाही, अदलाबदल, कारण तिसऱ्या तासाला प्रत्येकाचाच आवाज चढतो, तो स्वभावाचा नाही पायांचा प्रॉब्लेम आहे. आणि आठवड्यात अर्धा दिवस मशीनांचा डेटा उतरवायला किंवा वाट दुरुस्त करणाऱ्यांसोबत. ही मागणी त्या लेखी उत्तरासोबतच दिलीस तर आणखी चांगलं, तक्रारीला उत्तर पण झालं आणि उपाय पण. तिन्हीला नाही म्हणाले तर मग खुशाल सोड, अपराधी वाटून घेऊ नकोस.

एक मात्र स्वतःला खरं विचार, मला जंगल आवडतं की जंगलात आलेली माणसं आवडतात? दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत त्या. फक्त जंगल आवडत असेल तर वाट बांधणाऱ्यांच्या टीममध्ये जा, बाहेरून आलेलं तण उपटणाऱ्यांत जा, प्राण्यांच्या सर्व्हेत जा, तिथे दिवसभर कुणी तुला टॉयलेट कुठे विचारणार नाही. माणसं आवडायला लागली तरच हे काम टिकतं. मला तिसऱ्या सीझनपर्यंत आवडत नव्हती. मग एकदा एक बाई कुरणात दोरीच्या पलीकडे जाऊन बसलेल्या दिसल्या, मी लांबूनच ओरडले, उठा तिथून, पाटी दिसत नाही का, आणि जवळ जाऊन बघते तर त्यांना चक्कर आली होती, वाटेवर पडायला नको म्हणून बिचाऱ्या गवतात बसल्या होत्या आणि वर मलाच सॉरी म्हणत होत्या. त्या दिवसापासून मी आधी जवळ जाते, मग बोलते. अजूनही कधीकधी त्यांचा तो सॉरी आठवतो आणि कान गरम होतात.

तर उद्या सकाळी पार्किंगचं आवरलं की सरळ वर जाऊ नकोस, ट्रेलहेडला थांब, परवानगी नसेल तर पंधरा मिनिटं तरी थांब, आणि पहिल्या दहा ग्रुपना फक्त परतीची वेळ विचार. वहीत लिही किती जणांकडे उत्तर होतं. आठ दिवसांनी मला तो आकडा कळव, मला खरंच बघायचाय. आणि क्लिकर डाव्या हातात धर, उजवा हात रस्ता दाखवायला मोकळा पाहिजे.

– ताई